सलीमनं माझे ड्रॅगन काढले

मंडळी, लाईट जायच्या आत कॅफेतून टाइप करतोय, चुका पोटात घाला.

आमच्या गेवराईत हा ड्रॅगन-जादूगारांचा पत्त्यांचा खेळ खेळणारे दोघंच, मी आणि माझा मित्र सलीम. आपला डेक, म्हणजे खेळायला निवडलेला पत्त्यांचा संच, विरोधकाला कधीच दाखवू नका, असं तुम्ही इथं फोरमवर बजावलं होतं. मी ते इमानदारीनं पाळलं आणि इमानदारीनं हरत राहिलो.

आज दुपारीही हरलो. सलीम पत्ते आवरत म्हणाला, "ऱ्हाऊ दे बे आता. तुला हरवण्यात मजा न्हाई."

हा उठला तर मी खेळू कुणाशी? शेवटी सगळा डेक त्याच्यापुढं पसरला.

त्यानं कपाळाला हात लावला. "कावून बे, समदे ड्रॅगनच भरलेस? ते मैदानात यायला लई वेळ लागतो. तवर किल्ला सांभाळणार कोण?"

त्यानं माझे निम्मे ड्रॅगन काढले आणि स्वतःच्या डेकमधले शिपाई त्या जागी घातले. ताकद कमी, पण पहिल्याच पाळीत उतरवता येतात.

पुढचा डाव मी त्याच शिपायांवर जिंकला. हरलेला सलीम माझ्यापेक्षा जास्त नाचला! शिपाई परत द्यायला लागलो तर म्हणाला, "ठेव. उद्या परत भिडायचंय ना?"

पुण्या-मुंबईवाल्यांनो, तुमच्याकडं खेळणारे ढीगभर असतील. पण तुम्हाला जिंकता यावं म्हणून आपले शिपाई देणारा त्यात कुणी आहे का?