मंगळवारचा डबा

मोरगावला मी त्या दिवशी दर्शनाला गेले नव्हते, भांडायला गेले होते. लिहिताना आज थोडी लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? माझा स्वभाव मुळातच तापट. इंदापूरच्या ज्या शाळेत मी लिपिक आहे, तिथले शिपाईमामासुद्धा माझा चेहरा बघून चहा आणायचा की नाही ते ठरवतात. माणसांवर चिडते तशीच त्या मंगळवारी मी देवावर चिडले होते, आणि देवावरचा राग फार वाईट, कारण तो उलटून बोलत नाही. एका हाताला माझी आठ वर्षांची ईश्वरी, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी आणि डोक्यात देवाला सुनवायची वाक्यं, अगदी पाठ करून ठेवल्यासारखी. बारामतीहून निघालेल्या एसटीत कंडक्टरशीही एकदा वाजलं होतं.

ईश्वरीला आम्ही इशू म्हणतो. तिला दम्याचा त्रास. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत साधी सर्दी झाली आणि खोकला छातीतच मुक्कामाला बसला. ऊसतोड सुरू झाली, आसपासच्या रानात पाचट पेटलं, की तिच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येई. बारामतीच्या डॉक्टरांनी पंप दिला होता. तो कसा द्यायचा ते मी शिकून घेतलं, एकही वेळ चुकवली नाही. तरी पोर कबड्डीला उभी राहायची आणि दोन मिनिटांत कडेला येऊन बसायची. आपलं लेकरू श्वास ओढायला खांदे वर उचलतंय आणि आपण शेजारी बसून नुसती पाठ चोळतोय, ह्यासारखी लाचारी दुसरी नाही. रडू यायच्या आधी मला राग येतो. पाचट पेटवणाऱ्यांचा आला, धुळीचा आला, आणि सगळ्यात जास्त नवऱ्याचा आला, कारण तो माणूस चिडतच नाही. ते दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर आहेत, पहाटे निघतात, आणि घरात काहीही झालं तरी "बघू, होईल नीट" एवढंच म्हणतात.

शेवटी मी नवस बोलले. एकवीस मंगळवार कडक उपवास करीन, पण गणपतीबाप्पा, माझ्या पोरीचा श्वास मोकळा कर. पहिल्याच मंगळवारी इशू म्हणाली, "आई, माझ्यासाठी आहे ना? मग मीपण करणार." मला इतकं भरून आलं की काय सांगू. ह्यांनी तेवढ्यात तोंड उघडलं. "अगं, पोरीला कशाला उपास? तिला भाकरी खाऊ दे की." मी कडाडले, "तुम्ही मधे बोलू नका! तिच्या मनात आलंय, मोडता घालू नका."

मग आमचे मंगळवार सुरू झाले. पहाटे डोक्यावरून अंघोळ, ओल्या केसांनीच देवघरात बसायचं, भरपूर धूप घालायचा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ हातानं, वर ह्यांनी आणलेल्या दुधाचं घट्ट सायीचं दही. शाळेच्या डब्यात केळ्याचं शिकरण. घरी आली की उकडलेलं रताळं आणि फ्रीजमधलं गार दूध. रात्री भगर, आणि ती घशाखाली उतरावी म्हणून परत दही. पोर दमायला नको म्हणून मी आग्रह करकरून वाढायची. आणि संध्याकाळी दिवा लावला की तिला पुढे उभी करून देवाला सांगायची, "बघ, ह्या एवढ्याशा पोरीनं दिवसभर अन्नाचा कण खाल्लेला नाही. आता तरी बघ हिच्याकडे."

देवानं बघितलं नाही. उलट दम वाढला. पूर्वी महिन्यातून एखाद्या वेळी लागायचा, आता आठवड्याला लागायला लागला. चौदाव्या मंगळवारनंतरच्या पहाटे तर तिचे ओठ निळसर दिसायला लागले. ह्यांनी टँकर दुसऱ्याकडे दिला आणि शेजाऱ्यांची गाडी काढून आम्ही बारामती गाठली. दवाखान्यात वाफ दिली, सुया दिल्या, दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काही बाहेरचं आलं का?" मी म्हणाले, "बाहेरचं? अहो, काल तर तिचा उपवास होता." त्यांनी विचारलं, "उपवासाला काय काय खाते?" माझं डोकं आधीच फिरलेलं. "उपवासाचंच खाते, आणखी काय खाणार!" त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागदावर लिहायला लागले. त्यांनी आणखी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पुढचा मंगळवार पंधरावा. मी शाळेत रजा टाकली आणि इशूला घेऊन मोरगावला निघाले. मनात एकच. तुझ्या दारात येऊन विचारते, आठ वर्षांच्या पोरीनं तुझं काय घोडं मारलंय?

देवळापुढे गर्दी होती, रांग हलत नव्हती. इशू उन्हानं कोमेजली, छातीत बारीक घरघर सुरूच. तिला खाली पायऱ्यांशेजारच्या सावलीत बसवलं, मोठ्या दगडी नंदीच्या अलीकडे; मोरगावला गणपतीपुढेही नंदी आहे. शेजारी एक म्हातारी दूर्वा आणि जास्वंदीची फुलं घेऊन बसली होती. मी डबा उघडला, खिचडीवर दही ओतलं आणि चमचा इशूच्या हातात दिला.

"आगं ए बाय, त्ये दही पोरीला घालू नगं."

मी वळून बघितलं. म्हातारीनं खुशाल हात लांब करून माझ्या डब्यावर आडवा धरला होता. मातीनं भरलेला हात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आजी, हात काढा. उपवासाचं आहे हे."

"उपासाचं हाय म्हून कफाला कळतं व्हय?" ती म्हणाली. "हितं बसून मला तिची छाती ऐकाय येतीय. तुला न्हाय ऐकाय येत?"

मी जे सुटले ते सुटलेच. तुमचा काय संबंध, तुम्ही कोण, फुलं विका आणि गप्प बसा, दोन वर्षं मी काय भोगतेय तुम्हाला काय ठाऊक. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. म्हातारी माझं संपेपर्यंत दूर्वांच्या जुड्या बांधत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "झालं बोलून? आता सांग. दम कवा लागतो तिला?"

"पहाटे."

"रोज?"

"रोज नाही. बुधवारी." तोंडातून शब्द गेला आणि मी थांबले. दवाखान्यात नेलं तो बुधवार. त्याच्या आधी शाळेला दांडी झाली तो बुधवार. ह्यांना टँकरवरून माघारी बोलावलं तोही बुधवारच. पंधरा आठवडे मी पंचांग बघत होते, चतुर्थी बघत होते, मुहूर्त बघत होते, आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती.

"आन् आदल्या दिशी काय आसतं?" म्हातारीनं विचारलं. तिला ठाऊक होतंच.

डब्यातलं दही बघत बसले. आमच्यात उपवासाचं खाणं हे खाण्यात धरतच नाहीत. ताटभर खाऊनही आपण म्हणतो, आज काही खाल्लं नाही. तेच मी डॉक्टरांना सांगितलं होतं, आणि तेच रोज संध्याकाळी देवाला.

म्हातारी सांगत होती. तिनं तरुणपणी एका वैद्याकडे औषधं कुटायचं काम केलं होतं, तीसेक वर्षं. "दही, केळं, रताळं, साबुदाणा, समदं थंड, जड आन् चिकाट. पोरीच्या छातीत आदीच कफ, त्यावर ह्ये. पोटातला अग्नी इझला की कफ साठतो, आन् पहाटं श्वासाची वाट आडवतो. वैद्यबाबा म्हनायचे, उपास म्हंजी पोटाला सुट्टी. तुमी पोटाला गवंड्याच्या हाताखाली धाडता." तिनं स्वतःच्या फडक्यातली बाजरीची भाकरी काढली, चतकोर मोडली, त्यावर सुंठीची पूड घातलेला गूळ ठेवला आणि थर्मासमधून पितळीत गरम पाणी ओतलं. "दे तिला."

मंगळवारी भाकरी! पंधराव्या मंगळवारी, मोरगावच्या गणपतीच्या पायरीशी! नवस मोडला आणि त्याचा कोप पोरीवर झाला तर? चिडायला मी घाबरत नाही, पण तेव्हा घाबरले. त्या म्हातारीचा इतका संताप आला की तिच्या टोपलीला लाथ मारावीशी वाटली, कारण ती खरं बोलत होती. इशू कधी भाकरीकडे, कधी माझ्याकडे बघत होती.

"आई, खाऊ?"

मी कळसाकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, रागाचंच. "खा," म्हणाले.

तिनं खाल्लं. लेकरू किती भुकेलं होतं ते तिच्या जबड्याकडे बघून कळत होतं. चौदा मंगळवार मी तिला आग्रहानं वाढलं होतं आणि चौदा मंगळवार ती अन्नाला भुकेलीच होती. कपाळ माझं!

मग रांगेत उभी राहिले. गाभाऱ्यापुढे पोचले तेव्हा पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. हात जोडले आणि एवढंच म्हणाले, "तिनं भाकरी खाल्ली. मीच खा म्हणाले. काय करायचं ते माझं कर, आता तुझ्या हातात." मागच्या बाईनं पुढे ढकललं आणि मी बाहेर आले. बाहेर आल्यावर म्हातारीला पैसे द्यायला गेले तर ती म्हणाली, "भाकरी इकाय बसले व्हय मी?" आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

बुधवारी पहाटे मी उठून इशूच्या उशाशी बसले, पंप हातात घेऊन. ऐकत राहिले. थोडी घरघर होती, नाही असं नाही. पंप दिला. थोड्या वेळानं ती कुशीवर वळली आणि झोपून गेली. खांदे वर उचलले नाहीत. पंधरा आठवड्यांत ही पहिली अशी बुधवारची पहाट. हे टँकरला निघायच्या तयारीत दारात उभे होते. मी त्यांच्यावरच खेकसले, "म्हणा की, मी सांगितलं होतं म्हणून! म्हणा!" ते म्हणाले, "चहा ठेवू का तुला?"

नंतर बारामतीला एका वैद्यबाईंना दाखवलं. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त नीट बसवून. पंप मात्र डॉक्टर सांगतील तोवर बंद करायचा नाही, हे दोनदा बजावलं. दही रात्री अजिबात नाही, जेवण दिवेलागणीला, गरम आणि हलकं. प्यायला कोमट पाणी. छातीला कोमट तिळाचं तेल सैंधव घालून चोळायचं आणि मग शेकायचं. केस ओले ठेवायचे नाहीत. धुपाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, आणि पाचट पेटवणाऱ्यांना दोन वर्षं शिव्या देणारी मी, माझ्याच देवघरात पोरीला धूर देत होते हे मला तिथं कळलं. त्या दिवशी स्वतःवर जितकी चिडले तितकी आजवर कुणावर चिडले नाही. दमा पूर्ण गेला असं मी म्हणत नाही. थंडी पडली की अजून जपावं लागतं. पण दवाखान्यात ठेवायची वेळ परत आली नाही आणि गेल्या महिन्यात इशू कबड्डीचा डाव पुरा खेळली.

म्हातारीच्या तोंडून देव बोलला का, हे मला विचारू नका. रांग भराभर सरकली असती तर मी डबा तिथं उघडलाच नसता, एवढं मात्र खरं. रांग हलत नाही म्हणूनसुद्धा मी त्याच्यावरच चिडले होते. मला वाटायचं, देवाला शरण जायचं म्हणजे आपण काहीतरी कडक करून दाखवायचं. पोरीचा श्वास मोकळा व्हायला मी माझा हट्ट सोडायला हवा होता, आणि मला सोडायला तोच सगळ्यात जड गेला. उरलेले मंगळवार मी एकटीनं केले, दिवसभर नुसत्या गरम पाण्यावर आणि रात्री मुगाच्या कढणावर. राग गेला म्हणाल तर तो काही गेलेला नाही.

मागच्या मंगळवारी परत मोरगावला गेलो. म्हातारी त्याच जागी बसली होती. मी पाया पडून सगळ्याची आठवण करून दिली, तर ती माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "रोज इतकी मानसं येत्यात बाय, मला न्हाय आठवत. दूर्वा घेनार का?" माझा चेहरा पडला. इशू पुढे झाली आणि छाती काढून तिला म्हणाली, "आजी, आज मंगळवार आहे आणि मी जेवून आलेय." म्हातारी दात नसलेलं तोंड भरून हसली.

गाभाऱ्यापुढे मी इशूला घरी देवघरात करायची तशी समोर उभी केली. पूर्वी तिला अशी उभी केली की मागण्यांची यादी सुरू व्हायची. त्या दिवशी मी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली श्वास वर-खाली होत होता, सावकाश, आवाज न करता.

"बाप्पा," मी म्हणाले, "ती जेवून आलीय."