ज्यांची कॉपी कुणालाच जमली नाही, ते निवृत्तीकाका

आमचं ॲप आतापर्यंत चार जणांनी चोरलंय. चौघांचीही दुकानं बंद झाली.

आणि ज्यांच्यामुळे बंद झाली, त्या निवृत्तीकाकांना जाऊन आज एक वर्ष झालं.

काका इंदिरानगरला आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. ओझरच्या कारखान्यात आयुष्यभर इन्स्पेक्शनला होते. रिटायर झाल्यावर घरातल्यांचं इन्स्पेक्शन सुरू केलं, तेव्हा काकू वैतागून मला म्हणाल्या, "यांना काहीतरी काम दे गं बाई!"

मी नुकतंच ॲप काढलं होतं. द्राक्षबागेच्या कामाला मजुरांची टोळी हवी असेल तर फोनवर बुक करा. बास, एवढंच.

कुठलंही कॉलेजचं पोरगं महिन्याभरात बनवेल असं ॲप. मी वीस दिवसांत बनवलं होतं आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

काकांना सांगितलं, टोळ्यांना फोन करून नावं भरून घ्या.

काका फोन करेनात. स्कूटर काढून थेट टोळ्यांच्या गावी, सुरगाण्याला गेले.

"काका, फोनवर झालं असतं की!"

"न बघता सही करायची सवय नाही मला."

प्रत्येक मुकादमाच्या अंगणात बसून आले. टोळीत कोण कोण आहे, कुणाचं लेकरू लहान आहे, कुणाला फवारणीच्या औषधाचा वास सहन होत नाही, सगळं विचारून आले. मला वाटलं, म्हातारा पेट्रोल जाळतोय.

एकदा परत आले आणि म्हणाले, "मार्गशीर्षात पौर्णिमेपर्यंत लक्ष्मणची टोळी मिळणार नाही. आणखी बऱ्याच टोळ्या नाहीत."

मी उडालेच. ऐन विरळणीचे दिवस! घडातले जास्तीचे मणी तेव्हा काढले नाहीत तर अख्खा माल वाया.

काकांनी मला स्कूटरवर मागे बसवून लक्ष्मण मुकादमाकडे नेलं. तो शांतपणे म्हणाला, "डोंगऱ्या देवाचं व्रत हाय ताई. त्या दिसात मी कामाला येत नाय. कोणी कितीबी बोलवलं तरी नाय."

मग काकांनी एक उद्योग सुरू केला. पाऊस संपत आला की एकेका बागायतदाराला फोन. "छाटणी कधी धरताय? आठ दिवस अलीकडे घ्या, नाहीतर पलीकडे. म्हणजे विरळणी व्रताच्या दिवसांत येणार नाही."

हे ॲपमध्ये कुठेच नव्हतं. काकांच्या फोनवर होतं.

दुसऱ्या वर्षी बाहेरची एक मोठी फंडिंगवाली कंपनी नाशकात उतरली. आमचं ॲप जसंच्या तसं उचललं. रंग तोच, बटणं तीच. पहिल्या स्क्रीनवर मी दिंडोरीच्या मामाच्या बागेचा फोटो टाकला होता, मागे मामा कमरेवर हात ठेवून उभा.

त्यांच्या ॲपमध्येही मामा उभा!

वर पहिलं बुकिंग फुकट. आमचे निम्मे बागायतदार तिकडे गेले. मी दोन दिवस रडले. पुण्याच्या एका नोकरीला हो म्हणायचं ठरवलं आणि काकांना सांगायला खाली गेले.

काकांनी चष्मा लावून त्यांचं ॲप तपासलं. बराच वेळ.

"चांगलं केलंय. तुझ्यापेक्षा फास्ट चालतं."

"काका!!"

"खोटं कशाला बोलू? पण हे बघ, मार्गशीर्षात लक्ष्मणची टोळी उपलब्ध दाखवतायत." चष्मा काढून ठेवला. "यातला एक तरी माणूस त्याच्या घरी गेलाय का? नोकरीला हो म्हणायचं ते पौर्णिमेनंतर म्हण."

मार्गशीर्ष आला. त्यांच्या ॲपवर बुकिंग कन्फर्म, आणि बागेत चिटपाखरू नाही.

माझा फोन थांबेना. आम्हाला सोडून गेलेले पिंपळगावचे एक दादा अक्षरशः रडवेले झाले होते. "ताई, घड गच्च झालेत, कोणीतरी पाठवा."

मी म्हणणारच होते, आता आठवण झाली का?

काकांनी फोन काढून घेतला. "किती एकर? बरं. दोन टोळ्या व्रताला नाहीत, त्या उद्या येतील. बाकीचं लक्ष्मण आला की उरकू. तोवर घरच्यांना घेऊन पुढच्या ओळी धरा."

टोमणा नाही, काही नाही. मला राग आला होता, खरं सांगते.

पण पौर्णिमा झाली आणि लक्ष्मण थेट त्या बागेत उतरला. माल वाचला. पुढच्या छाटणीला ते दादा अर्धं गाव घेऊन आमच्याकडे आले. फंडिंगवाल्यांनी नाशकातलं ऑफिस रिकामं केलं. मी पेढे वाटले. काकांनी डायबेटिस असून दोन खाल्ले.

नंतर आणखी तिघांनी कॉपी केली. तिघेही गेले.

मग मागच्या वर्षी काकाच गेले. झोपेत.

दहाव्याला लोक हळूच बोलत होते, "आता हिचं अवघड आहे." मलाही तेच वाटत होतं. ॲप तर कोणीही बनवतं, आमचं खरं भांडवल गेलं होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी आणि ऑफिसच्या दोघी मुली निघालो. सुरगाणा, पेठ, एकेक पाडा. मला अंगणात बसता येईना, पाय आखडायचे. काय विचारायचं तेही सुचेना. लक्ष्मणच्या बायकोने चहा दिला आणि म्हणाली, "काका तर आधी म्हातारीची तब्येत इचारायचे."

विचारली. मग सगळ्यांकडे विचारली. छाटणीच्या तारखांसाठी बागायतदारांना फोन केले. दोनदा चुकलेही.

काका, सीझन संपला. तुमच्याशिवाय पहिला. एकही टोळी तुटली नाही, एकही बाग अडली नाही, आणि आता सांगलीच्या द्राक्षवाल्यांकडूनही बोलावणं आलंय!

चौघांनी माझी कॉपी केली आणि बुडाले. मी तुमची केली, थोडी कच्चीच, तरी तरले.

खूप आठवण येते काका. मनापासून नमस्कार.