बालीत उपाशी जावई

लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं बालीला गेलो. फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटांवरून घसरत यायचं, ही हौस बायकोची. मी मात्र कृष्णेत पोहून वाढलेला, त्यामुळे सांगलीहून निघतानाच भावकीत फुशारकी मारून बसलो होतो : पहिल्याच दिवशी उभा राहतो, फोटो पाठवतो.

पहिल्या दिवशी बायको उभी राहिली आणि मी तोंडावर आपटलो. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी शिकवणाऱ्यानं माझ्या पोटाकडे बोट दाखवून, काही खाल्लंय का, असं खुणेनं विचारलं.

खरं सांगतो, मी उपाशी होतो. आम्ही उतरलो होतो त्या घरची बाई स्वतः रांधून वाढायची. केळीच्या पानात भाजलेला मासा, ओलं खोबरं घातलेली पालेभाजी, आणि कच्चा कांदा, मिरची, गवती चहा बारीक चिरून वर गरम तेल ओतलेली चटणी. वासानंच जीव कासावीस व्हायचा. पण बाई दुसऱ्यांदा वाढायला आली की माझा हात आपोआप ताटावर आडवा. "नको, नको!" औंधला सासरवाडीत असं म्हटलं की जावयाचा हात बाजूला सारून दोन जास्तच वाढतात. ही बाई गोड हसली आणि मासा परत घेऊन गेली. अहो, खरंच घेऊन गेली! बायको मात्र ताट पुढं करून तीन-तीनदा घेत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझं डोकं फिरलं. "त्या बाईला खुणेनं तरी सांग की जरा आग्रह कर म्हणून."

"आवं, तुमच्या घरात मला कोण आग्रह करतंय?" काटे काढत ती म्हणाली. "समद्यांचं झालं की मी माझ्याच हातानं वाढून घेती. वीस वर्सं झाली. हितं कुणीतरी आणून वाढतंय, मग नको कशाला म्हणू?"

ती रागावली नव्हती, चांगली मजेत होती. मलाच लाज वाटली. मी ताट उचललं आणि बाईपुढं धरलं. त्या दुपारी चटणीनं नाकाडोळ्यांतून पाणी येईतोवर जेवलो.

निघायच्या दिवशी सकाळी चौथ्या लाटेला मी उभा राहिलो. पाच-सहा सेकंद असेन. किनाऱ्यावरून बायको ओरडत होती, "खाली बघू नगासा!" मी खाली बघितलं आणि पडलो. पण उभा राहिलो होतो! मोबाइल तिच्याच हातात होता, पण नाचण्याच्या नादात फोटो काढायचा राहिला. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

जेवायला बसलो तेव्हा बाईच्या हातातलं भांडं मी मागून घेतलं. बायकोच्या पानात मासा वाढला.

"अजून एक घे."

तिनं ताटावर हात आडवा धरला. "नको, नको," म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी तिचा हात बाजूला सारला.