जानाईच्या डोहातल्या चिलापी

भोरच्या बोकिलांच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर राहायचा. त्या घरातली पद्मजा आयुष्यभर माशांची बाळंतपणं करत हिंडली, आणि माशाची चव कशी असते हे तिला आजही ठाऊक नाही. भोरात लोक हे सांगताना अजून हसतात. हसू देत बापडे. जिने नदीतल्या महसीरला टाकीत अंडी घालायला लावलं, तिचं हसण्यावारी काही नेता येत नाही.

वडील केशवराव कचेरीत अव्वल कारकून. मुलीने प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा त्यांना वाटलं, शाळेत शिकवेल, बरं होईल. तिने मत्स्यसंशोधन केंद्रात नोकरी धरली तेव्हा मात्र त्यांनी तिच्याशी अबोला धरला. पुढे कुणी विचारलं की सांगायचे, "पद्मजा पाण्याच्या खात्यात आहे." ऐकणारा पाटबंधारे समजायचा, आणि केशवराव तसं समजू द्यायचे. आई जास्त व्यवहारी. तिने मागच्या दारी बादली आणि धुतलेलं लुगडं ठेवलेलं असे. केंद्रातून आलं की आधी अंघोळ, मग घर. एकदा सांगलीकडचं स्थळ आलं. मुलाच्या आत्याने लाडाने विचारलं, "काय करतेस गं तू तिथं?" पद्मजा म्हणाली, "माशाच्या पोटावरून हात फिरवून अंडी काढते." आत्याबाईंचे पोहे बशीत तसेच राहिले. स्थळ गेलं ते गेलंच. पद्मजाला त्याचं रतीभर दुःख झालं नाही, कारण त्याच सुमाराला तिच्या टाकीत पहिल्यांदा पिल्लं जगली होती आणि तिचं अर्धं मन तिथंच होतं.

ती पिल्लं सुखासुखी जगली नव्हती. महसीर हा वाहत्या पाण्याचा मासा. मोठा, सोनेरी झाक असलेला, तळहाताएवढ्या खवल्यांचा. धरणं झाली, नदीतली वाळू उपसली गेली आणि तो दिसेनासा झाला. केंद्रातल्या साहेबांचं म्हणणं, बाईमाणसाने टेबलाशी बसावं, पाण्यात उतरायला गडी आहेत. पद्मजाने कासोटा घातला आणि उतरली. सुरुवातीला अंडी पांढरी पडायची, बुरशी धरायची आणि मरायची. औषधं बदलून झाली, टाक्या घासून झाल्या. शेवटी तिने पन्हाळीचे पत्रे वाकवून टाकीतून पाणी खेळतं ठेवलं, आणि नदीच्या लेकरांना आपण नदीत आहोत असं वाटलं. एवढ्या साध्या गोष्टीला इतकी वर्षं का लागली, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. त्यांना ती वर्षं लागली नाहीत, कारण ते शोधायलाच गेले नव्हते.

निवृत्त होऊन ती भोरला परतली तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, आता बाई भजनी मंडळात येतील. बाई पहाटे एसटीने कापूरहोळला, तिथून मिळेल त्या टेम्पोने मार्गासनीकडे आणि पुढे पायी डोंगरात जाऊ लागल्या. टाकीत वाढलेल्या पिढ्या हळूहळू लेच्यापेच्या होतात. त्यांच्यात अधूनमधून अस्सल नदीचं रक्त मिसळावं लागतं. असे अस्सल मासे तिला सगळ्या मुलखात एकाच जागी सापडले होते, वेल्ह्याच्या डोंगरात, धनगरांच्या वस्तीखाली, जानाईच्या डोहात.

तिथं जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, ही रीत कुणाच्याही आठवणीच्या आधीची. डोहातले मासे म्हणजे जानाईची लेकरं. म्हणून तर ते राहिले. सरकारी कायद्याने जे नदीभर जमलं नाही ते एका देवीच्या धाकाने डोहापुरतं जमलं होतं, आणि पद्मजाताई हे केंद्रातल्या भाषणांतही बेधडक सांगायच्या.

पण तिथं दुसरीही एक रीत होती. नवस फेडायचा तर डोहात जिवंत मासा सोडायचा. पूर्वी लोक खालच्या नदीतली पिल्लं घागरीतून आणत. खालची नदी आटली तशी लोकांनी धरणावरून विकत आणायला सुरुवात केली. धरणावर मिळते ती चिलापी. चिलापी डब्यात घाला, टेम्पोत हिंदकळू द्या, उन्हात ठेवा, मरत नाही. बाकीचे मासे वाटेत जीव सोडत आणि लोकांना अपशकुन वाटे. चिलापी डोहापर्यंत शेपटी हलवत पोचे. त्यामुळे लोक म्हणू लागले, देवीला हीच चालते. मुलखाबाहेरून आलेला हा मासा बारमाही वितो, दुसऱ्यांची अंडी खातो, जागा बळकावतो. भक्तीपोटी माणसांनी देवीच्या लेकरांच्या घरात घूस सोडली होती.

त्या मे महिन्यात ताईंनी डोहात डोकावून पाहिलं. मोठे महसीर तळाशी होते, पण म्हातारे. लहान एकही नव्हता. वर सगळीकडे चिलापी. पाणी उतरलं होतं तोवरच चिलापी काढता येणार होत्या. पाऊस लागला, डोह भरला, की यंदाचीही अंडी गेली, आणि म्हाताऱ्यांना आणखी किती पावसाळे मिळणार? ताईंच्या जन्माचं काम त्या डोहात अडकलं होतं, आणि तिथं जाळं टाकायचं म्हणजे देवीचा कोप.

ताईंनी निरोप धाडला तशी वस्ती देवळापुढे जमली. देवीचे भगत रायबा ढेबे मधे बसले, शेजारी त्यांची थोरली भावजय आक्काबाई. रायबांच्या तोंडी देवी बोलते, पण वस्तीत चालतं आक्काबाईंचं, हे ताईंना एव्हाना कळलं होतं. म्हणून त्या बोलल्या रायबांशी आणि बघत राहिल्या आक्काबाईंकडे.

"रायबा, तुमच्या कळपात परकं मेंढरू शिरलं तर काय करता?"

"कान बगतो. आमची खूण नसंल तर ज्याचं त्येला परत."

"का बरं? फुकटचं आलंय, ठेवून घ्यावं."

"आन त्येच्या अंगावरची खरूज आमच्या मेंढरास्नी लागली म्हंजी?" रायबा बोलून गेले, आणि बाई कुठं घेऊन चालल्यात ते ध्यानात येऊन मिशीत हसले. "लई बेरकी हाय तुमी, ताई."

आक्काबाई हसल्या नाहीत. "त्यातल्या धा-बारा चिलापी म्या सोडल्यात," त्या म्हणाल्या. "माजा सिद्धनाथ शिवऱ्यापाशी टेम्पोखाली घावला तवा. डाक्टरनं हात टेकले व्हते. म्या जानाईला बोलले, तिनं प्वार दिलं, आज सोता टेम्पो हाकतंय. आता तिचं माघारी काडून घ्याचं? आन त्येला काय झालं तर तुमी देनार का मला दुसरा?"

ताईंनी खरं तेच सांगितलं, "नाही हो आक्का, मी कुठून देणार?"

आक्काबाईंनी गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं. मग म्हणाल्या, "येकडाव टाका जाळं. माज्या म्होरं. काय निगतंय ते बगू आन मग मी सांगीन."

सगळे डोहावर उतरले. रायबांनी पाण्यावर भंडारा उधळला, देवीची माफी मागितली. ताईंनी पाण्यात शिरून फेकीचं जाळं टाकलं. साठी उलटली तरी हात तोच. जाळं ताटासारखं उघडून पडलं. ओढलं तर चिलापी फडफडत वर. त्यातली एक चांगली थोराड. तिला खडकावर ठेवलं मात्र, तिने जबडा वासला आणि तोंडातून तांदळाच्या कण्यांएवढी पिल्लं भळाभळा बाहेर पडली. इवलाले डोळे, वळवळती शेपटं.

"खाल्ली! आयची लेकरं खाल्ली हिनं!" कुणीतरी ओरडलं. "जानाईनं दावून दिलं!" रायबांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. म्हाताऱ्या गालावर थपडा मारून घेऊ लागल्या. सिद्धनाथ स्वतः म्हणाला, "आये, आता काय राह्यलंय? काडा समद्या भाईर!" आक्काबाईंचा चेहरा उतरला होता. आपण देवीच्या घरात काय सोडलं, हे त्या खडकावरल्या वळवळीत त्यांना दिसत होतं.

ताईंनी फक्त गप्प राहायचं होतं. काम फत्ते होतं. त्यांना बोलावंसुद्धा लागलं नसतं, आणि चिलापी अंडी खाते हे काही खोटं नव्हतं. मनात येऊन गेलं, पद्मे, मिट तोंड. वर्षानुवर्षं बुरशी धुतलीस ती याच दिवसासाठी. दुसऱ्या एखाद्याने तेवढं केलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण या बाईने साहेबापुढे, नवरदेवाच्या आत्यापुढे कधी शब्द गिळला नव्हता, ती आता धनगरवस्तीपुढे काय गिळणार!

"थांबा," त्या म्हणाल्या. "तिने खाल्लेली नाहीत. ती तिचीच पिल्लं आहेत. चिलापी पिल्लं तोंडात सांभाळते. भीती वाटली की सगळी तोंडात घेते, आणि तेवढे दिवस स्वतः काही खात नाही."

रायबांचे जोडलेले हात खाली आले. खडकावरची चिलापी तोंड उघडत होती, मिटत होती. ताईंनी ओंजळीने पिल्लं गोळा करून बादलीत घातली आणि तिलाही उचलून त्यातच सोडलं. सगळं हातचं गेलं असं त्यांना वाटलं.

आक्काबाई पुढे आल्या, बादलीशी बसल्या. पिल्लं आईच्या तोंडाशी गोळा होत होती.

"म्हंजी ही बी लेकुरवाळीच."

"हो."

"आन तरीबी ती हितं ऱ्हायली तर जानाईची लेकरं जगायची न्हाईत?"

"नाही जगायची. यंदाची तर नाहीच."

"तुमी गप बसला असता तर म्या मगाशीच व्हय म्हनले असते. ठावं व्हतं तुमास्नी?"

"ठाऊक होतं."

आक्काबाई गुडघ्यावर हात रेटून उठल्या. "मग दुसरंबी खरंच बोलत असशील, बाई," त्या म्हणाल्या. तुमीवरून त्या कधी तूवर आल्या हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही. "येक बी मारायची न्हाई. समद्या धरनात न्हेऊन सोडायच्या, सिद्धनाथच्या टेम्पोतनं. त्येच्या नवसाचं त्योच न्हील. जानाईला मी सांगते काय सांगायचं ते."

ताईंना हो म्हणायचं होतं. धरण चिलापींनी आधीच भरलंय, तिथं सोडायला काही हरकत नाही, हेही सांगायचं होतं. पण त्यांनी नुसती मान हलवली आणि डोळे पुसले.

"आता रडतीस काय," आक्काबाई म्हणाल्या. त्यांनी लुगडं वर खोचलं, गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि हात पुढे केला. "दे हिकडं दोरी. टाक जाळं."