माझ्या पोटचा नमुना

तुमसरच्या धान्यबाजारात मी आधी पोती वाहिली, मग धान विकत घ्यायला लागलो. हार्ट अटॅकनंतर मात्र लिलावात चार ढिगांपुढे चालवेना. बोली ढिगाढिगाने पुढे सरकते. बसलेल्या व्यापाऱ्यासाठी कोणी थांबत नाही. म्हणून नागपूरच्या डॉक्टरने नव्या उपचाराच्या चाचणीत येता का विचारलं, तेव्हा लगेच हो म्हणालो.

पोटाची चरबी काढायची, तिच्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि मांडीतून नळी नेऊन हृदयाच्या निकामी भागाजवळ टोचायच्या. त्यांच्या आधाराने स्नायू सुधारेल अशी आशा. हमी नाही, हेही त्याने सांगितलं. चरबी सगळ्यांची निघणार, पेशी मात्र निम्म्यांनाच. बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार.

मी सगळं नीट ऐकलं, फक्त खरं मानलं नाही. समोरच्याचा पहिला शब्द शेवटचा मानला असता तर आजही पोती वाहत असतो.

पुढच्या खेपेला वासाच्या चिन्नोर तांदळाचा कट्टा, म्हणजे लहान पोतं, घेऊन गेलो. "साहेब, घरचा तांदूळ आहे. मले तेवढं पेशीवाल्यांत टाका."

"काका, कोणाच्या सुईत काय आहे ते मलाही माहीत नसतं."

शिपायाने कट्टा परत गाडीत ठेवला. मला वाटलं, डॉक्टर भाव वाढवायला ताणून राहिला.

आम्ही पोत्यात लोखंडी नळी खुपसून धान पाहतो, तशी माझ्या पोटात नळी खुपसून त्यांनी चरबी ओढली. पोट काळंनिळं झालं. मग टोचलं. मला खरंच हुशारी वाटली. बाजारात सगळ्यांना सांगितलं, एक आख्खा लिलाव उभ्याने केला आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण धरलं.

चाचणी संपल्यावर कळलं, मला पाणी मिळालं होतं.

"मंग आता टोचा माह्या पेशी."

"त्या ठेवलेल्या नाहीत, काका. आणि ज्यांना दिल्या त्यांना किती फायदा झाला, तेही अजून ठरायचं आहे."

मी इतका ओरडलो की बाहेरचे रोगी दारात आले. डॉक्टरने माझ्यापुढे ग्लास सरकवला. तेही पाणीच.

घरी बायको भाजी निवडत होती. तिला म्हटलं, "पोटातला माल काढला, आन् वापस नाही केला."

"तुमी कोनाचा नमुना वापस केला जी आजवर?"

पोत्यातून काढलेलं मूठभर धान शेतकऱ्याला परत जात नाही. संध्याकाळी अशा मुठींचा ढीग होतो, तो व्यापाऱ्याचा.

"ते बाजाराची रीत आहे," मी म्हणालो.

"मंग हे दवाखान्याची असन."

त्या दिवशी मी तिच्या हातचं जेवलो नाही.

आता लिलाव सोडून बाजारात खुर्ची टाकून बसतो. परवा मोहाडीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हाक मारली, "सेठ, उठून पाहा ना धान."

"इथंच आण."

त्याने ओंजळ भरून आणली. मी दाणे हातावर चोळून पाहिले, दाताखाली फोडून पाहिले, भाव सांगितला. त्याला पटला नाही. त्याने हात पुढे केला, राहिलेलं धान परत द्या म्हणून. इतक्या वर्षांत हे कोणी मागितलं नव्हतं.

मी मूठ उघडली नाही. मला कोणी दिलं होतं परत?