राब पेटला, फाटकाला कुलूप

मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

कामोठ्याचा फ्लॅट सोडून नेऱ्याला शेती करायला आलो, त्याचं हे पहिलंच वर्ष. आज सकाळी सासऱ्यांनी राब पेटवला, म्हणजे भाताची रोपं करायची ती जमीन पालापाचोळा जाळून भाजायला घेतली. अचानक वारा फिरला. सुकं गवत धरत आग थेट घराकडे निघाली.

पळावं तर फाटकाला बाहेरून कुलूप! आम्ही दोघं आत असतानाही नवरा फ्लॅटच्या सवयीने लावून गेलेला, दोन्ही चाव्या त्याच्याच खिशात. आणि चारी बाजूंनी आम्हीच हौसेने घातलेली काटेरी तार.

शेजारच्या शेतातल्या यमुनाकाकू घरच्यांना घेऊन धावत आल्या.

"बाय, कुलूप खोल!"

"चावी नाहीये!"

त्यांनी ओली गोणपाटं तारेवर टाकली, चढून आत आल्या आणि त्याच गोणपाटांनी सगळ्यांनी आग झोडपली. अगदी पायरीपाशी विझली.

तळहाताचं रक्त पदराला पुसत काकू म्हणाल्या, "ह्या कुलूप आमाला भायेर ठेवाला हाय, का तुमाला आत कोंडाला?"

संध्याकाळी जाऊन दुसरी चावी त्यांच्या हातात दिली.

तुमची दुसरी चावी कुणाकडे असते?