तिसरा कर्णा

बाहत्तरचा दुष्काळ सरला, तेव्हा आखाडा बाळापुरात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. जवळच्या एका गावच्या पंचायतीत रेडिओला जोडलेला जुना ॲम्प्लिफायर होता. त्याला दोनच कर्णे जोडता यायचे, एक चावडीवर, एक देवळावर. संध्याकाळच्या बातम्या बौद्धवाड्यापर्यंत पोचतच नव्हत्या. तिथल्या लोकांनी कुठूनसा एक जुना कर्णा मिळवून माझ्याकडे आणला. नवा ॲम्प्लिफायर कुणालाच परवडणारा नव्हता. मी मोडक्या स्विचबोर्डाचा तुकडा कापला, त्यावर दोन पितळी स्क्रू बसवले, तो ॲम्प्लिफायरला जोडला आणि तिथून बौद्धवाड्यापर्यंत तिसरी वायर ओढून दिली.

आठवड्यात चावडीवरचे दोघं दुकानात हजर.

"आमचा आवाज कमी काहून झाला? ती वायर काढून टाका."

आवाज तीन कर्ण्यांत वाटला गेला होता, थोडा उतरलाही होता. पण तेवढ्यासाठी वायर काढायची? माझं डोकंच फिरलं. तरी गावात गेलो, दोघांसमोर ॲम्प्लिफायरची पेटी उघडली, आतली धूळ फुंकली आणि झाकण लावलं. वायरीला हातही लावला नाही.

"ऐका आता."

"हां, आता बराबर येऊन राहिला!"

तिसरा कर्णा पुढं कित्येक वर्षं वाजला. तो खरंच बंद झाला का, हे बघायला त्या दोघांपैकी कुणी बौद्धवाड्यात कधी गेलंच नाही.